बाबांचा फोन बिघडलेला नाही. नवा घेण्याआधी एक रविवार त्याला द्या

प्रश्न थोडक्यात असा: "माझे बाबा कऱ्हाडला एकटे राहतात, वय ७१. त्यांचा अँड्रॉइड फोन अडीच वर्षांपूर्वी घेतलेला आहे, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी मेमरीचा. हल्ली मध्येच पूर्ण स्क्रीनभर जाहिराती येतात, 'मेमरी फुल्ल' असं सारखं दिसतं, कॉल उचलायला गेलं तरी फोन हँग होतो आणि बॅटरी दुपारपर्यंत संपते. तिथला दुकानदार म्हणतो, यात आता दम नाही, नवा घ्या. बाबांना वाटतंय, त्यांच्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं. मी पुण्यात असते, रविवारी जाणार आहे. नवा घेऊनच जाऊ का?"

नमस्कार ताई. सांगलीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. तुम्ही लिहिलेलं दुखणं आठवड्यातून चार-पाच वेळा तरी माझ्या काउंटरवर येतं. नवा फोन इतक्यात घेऊ नका. आणि रविवारची वाट न बघता बाबांना आजच फोन करून सांगा, की तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही.

हे दुसरं मी मुद्दाम सांगतोय. वयस्कर माणसं फोन रुमालात गुंडाळून आणतात, काउंटरवर ठेवतात आणि पहिलं वाक्य हेच असतं, "माझ्याकडनंच काहीतरी दाबलं गेलं बघा." पोरं रागावलेली असतात, दुकानदाराने डोळे वटारलेले असतात. मग ती माणसं फोनला हात लावायला घाबरतात. व्हिडिओ कॉल बंद होतो, लाइटबिल भरायला पुन्हा रांगेत उभं राहणं सुरू होतं, औषधाच्या दुकानदाराला फोटो पाठवायचा तर शेजारच्या मुलाची वाट बघत बसतात. एकट्या राहणाऱ्या माणसाचं फोन मंद झाल्याने जेवढं अडतं, त्याहून जास्त या भीतीने अडतं.

आता फोनकडे येऊ. तक्रारी चार दिसतात, पण मुळं बहुतेक वेळा दोनच असतात. जाहिराती दाखवणारं एखादं अ‍ॅप आत बसलेलं असतं. ते दिवसभर मागे चालू राहतं, नेट वापरतं, फोन गरम करतं आणि बॅटरी खातं. दुसरीकडे मेमरी गच्च भरलेली असते, त्यामुळे फोन हँग होतो. म्हणून आधी जाहिराती, मग मेमरी आणि सगळ्यात शेवटी बॅटरी, याच क्रमाने जा. उलटं केलंत तर नवी बॅटरीही दुपारीच संपेल आणि पैसे वाया जातील.

जाहिरातींपासून सुरू करा. फोन हातात घेऊन बसा आणि जाहिरात येईपर्यंत थांबा. आली की तिच्यावरची फुली दाबू नका. फोनच्या तळाशी अलीकडची अ‍ॅप्स दाखवणारं जे बटण असतं, ते दाबा; बटणं नसतील तर स्क्रीन तळापासून वर ओढून धरा. उघडी अ‍ॅप्स पत्त्यांसारखी ओळीने दिसतील. जाहिरात ज्या पत्त्यावर असेल त्याच्या डोक्यावर एक छोटं चिन्ह असतं, ते त्या अ‍ॅपचं. त्यावर बोट दाबून धरलंत की बहुतेक फोनांत 'अ‍ॅपची माहिती' असा पर्याय येतो. चोर सापडला. तिथूनच काढून टाका.

काही अ‍ॅप्स याहून लबाड असतात. चिन्ह कोरं ठेवतात, नावाच्या जागी काहीच नसतं किंवा 'सेटिंग्ज' असंच नाव घेतात. अशा वेळी फोनच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत जा आणि 'इतर अ‍ॅप्सवर दाखवा' हे शोधा. फोन इंग्रजीत असेल तर 'डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स'. मेनूंची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, म्हणून चाचपडत बसण्यापेक्षा शोधपट्टी बरी. तुम्ही दुसरं काही करत असताना वरून येऊन बसायची मुभा ज्या अ‍ॅप्सना आहे, त्यांची यादी तिथे मिळेल. कॉल करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या अ‍ॅपला ही मुभा लागते, हे समजू शकतो. टॉर्चला ती कशाला हवी? वॉलपेपरला, कॅलेंडरला, 'फोन क्लीनर'ला कशाला हवी? ज्याचं कारण तुम्हाला सांगता येत नाही त्याची मुभा बंद करा आणि अ‍ॅपही काढून टाका.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले होते. कॉल संपला रे संपला की पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात. नातवंडं शेजारी बसलेली असताना ती यायची, त्यामुळे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांना स्टुलावर बसवलं आणि माझ्या फोनवरून त्यांना कॉल लावून कट केला. जाहिरात आली, वर सांगितलं तसं बघितलं, तर क्यूआर कोड वाचणारं एक अ‍ॅप निघालं. द्राक्षाच्या औषधाच्या बाटलीवरचा कोड वाचायला त्यांनी ते घेतलं होतं. हल्लीच्या बहुतेक फोनांत कॅमेराच तो कोड वाचतो, वेगळं अ‍ॅप लागत नाही. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अ‍ॅप काढलं, पुन्हा तीनदा कॉल लावला, काही आलं नाही. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागली. त्याआधी त्यांना दोन दुकानांत 'सॉफ्टवेअर मारावं लागेल' असं सांगितलं होतं.

अशी अ‍ॅप्स आत कशी येतात, हे बाबांना समजावून सांगा, म्हणजे त्यांच्या मनातला सल जाईल. भजन ऐकताना किंवा बातमी वाचताना अचानक खिडकी उघडते, 'तुमच्या फोनमध्ये १७ व्हायरस आहेत'. बंद करायची फुली तांदळाच्या दाण्याएवढी, तीही फिकट राखाडी रंगात, आणि 'इन्स्टॉल' हे हिरवंगार बटण अंगठ्याएवढं. फुलीवर नेमकं बोट पडलं नाही की माणूस दुसरीकडेच पोहोचतो. सत्तरीच्या माणसाचं बोट थरथरतं, चष्मा जवळचा असतो. ती रचना त्याचं बोट चुकावं म्हणूनच केलेली असते. असल्या फसव्या रचनांना आता आपल्याकडे सरकारी नाव आणि नियमही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न्स'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत: खोटी घाई लावणं, नकळत टोपलीत वस्तू टाकणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, सारखं मागे लागणं वगैरे. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांनासुद्धा हे लिहावं लागलं, म्हणजे दोष बोटाचा नाही.

सगळं करूनही जाहिरात कुठून येते ते कळत नसेल, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. पॉवरचं बटण दाबून ठेवा, 'बंद करा' हा पर्याय दिसला की त्यावरच बोट दाबून धरा, बऱ्याच फोनांत तिथे सेफ मोडचं विचारतात. या मोडमध्ये फक्त फोनसोबत आलेली अ‍ॅप्स चालतात. तिथे जाहिरात थांबली तर दोष नंतर घातलेल्या अ‍ॅपचा. प्ले स्टोअरमध्ये घातलेल्या अ‍ॅप्सची यादी काढा आणि नको ती एकेक काढत चला. पुन्हा साधा रीस्टार्ट केला की फोन नेहमीच्या मोडमध्ये येतो.

जाहिरात पूर्ण स्क्रीनभर न येता वरच्या पट्टीत सूचनेसारखी येत असेल आणि तिच्यावर क्रोमचं चिन्ह असेल, तर प्रकरण वेगळं आहे. कुठल्यातरी संकेतस्थळाने 'सूचना पाठवू का?' विचारलं आणि 'अलाऊ' दाबलं गेलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सूचनांचा भाग उघडा, परवानगी असलेल्या साइट्सची यादी दिसेल, सगळ्या बंद करा. काही अडत नाही.

आणि काही जाहिराती खुद्द फोन कंपनीच्याच असतात. स्वस्तातल्या बऱ्याच फोनांत लॉक स्क्रीनवर रोज बदलणारी चित्रं, फाइल मॅनेजरमधल्या 'शिफारशी', अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये आपोआप उगवणारी नवी अ‍ॅप्स हे सगळं आधीच चालू करून दिलेलं असतं. फोन पहिल्यांदा सुरू करताना जे वीस वेळा 'सहमत' विचारतात, तिथे या गोष्टींना होकार दिला जातो. तो होकार बहुतेक घरांत गिऱ्हाइकाने दिलेलाच नसतो. काउंटरवर गर्दी असते, विकणारा पोरगा भराभर 'सहमत, सहमत' दाबून फोन चालू करून हातात देतो. आमच्या धंद्यातली ही सवय वाईट आहे आणि मी माझ्या दुकानात ती मोडून काढली आहे. तुम्ही सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'जाहिराती', 'शिफारशी' आणि 'लॉक स्क्रीन' हे तीन शब्द एकामागून एक टाका आणि जे सापडेल ते बंद करा. फोनसोबत आलेलं एखादं अ‍ॅप काढता येत नसेल तर 'अक्षम करा' चालतं का बघा.

पुढे जाण्याआधी एक तपासणी मात्र टाळू नका. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' उघडा आणि कुठलं अनोळखी अ‍ॅप तिथे चालू आहे का बघा. ज्यांना नीट दिसत नाही किंवा हात चालत नाहीत त्यांच्यासाठी ही सोय आहे. पण तिच्या आडून एखादं अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'वाहनाचं चलान' म्हणून एपीके फाइल येते, उघडली की अ‍ॅप बसतं आणि नेमकी हीच परवानगी मागतं. पत्रिका कधीही एपीकेमध्ये नसते. फोटो असते नाहीतर पीडीएफ असते, हे बाबांना दोनदा सांगा. असं काही सापडलं तर फोन लगेच विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवायला सांगा आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. वेळ फार मोलाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील, त्यांचा बोजा बँकेवर पडतो. म्हणून 'आधी मुलाला विचारतो' म्हणत संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही.

आता मेमरी. ६४ जीबी म्हणतात, पण फोनची स्वतःची यंत्रणा आणि सोबतची अ‍ॅप्स त्यातला बराच वाटा आधीच घेतात. उरलेल्यात अडीच वर्षांचं व्हॉट्सअ‍ॅप. मेमरी भरली की फोन मंद का होतो, हे मी गिऱ्हाइकांना आमच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामावरून सांगतो. गोदाम निम्मं रिकामं असेल तर हमाल नवं पोतं आणून सरळ जागेवर टाकतो. छपरापर्यंत भरलं असेल तर एक पोतं ठेवायला आधी दहा इकडची तिकडे करावी लागतात. फोनच्या मेमरीचं अगदी असंच आहे. तिच्यात जुन्या जागेवर थेट नवीन लिहिता येत नाही, आधी आख्खा गाळा पुसावा लागतो आणि त्यातलं कामाचं असेल ते दुसरीकडे हलवावं लागतं. रिकामी जागा उरली नाही की साधा कॉल उचलतानाही फोन ही हलवाहलव करत बसतो. ६४ जीबीमध्ये दहा-बारा जीबी कायम मोकळी राहिली पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' आणि त्यात 'स्टोरेज व्यवस्थापित करा' असं आहे. तिथे पाच एमबीहून मोठ्या फाइल्स वेगळ्या लावलेल्या असतात आणि बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या. सुप्रभातची फुलं, गडकिल्ल्यांचे व्हिडिओ, औषधी काढ्यांचे व्हिडिओ, सगळं या दोन ठिकाणी भेटेल. खाली कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली तेही ओळीने दिसतं. बहुतेक वेळा पहिल्या तीन ग्रुपांतच निम्मी मेमरी सापडते.

पण ताई, इथे हात आवरा. बाबांना शेजारी बसवल्याशिवाय एकही फाइल पुसू नका.

विश्रामबागेतले एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी आले होते. त्यांचा मुलगा सुट्टीला आला, फोन मंद वाटला म्हणून त्याने प्रेमापोटीच सगळं 'क्लीन' करून दिलं आणि परत गेला. फोन पळायला लागला. चार दिवसांनी या माणसाने बायकोचा आवाज ऐकायला व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, तर काहीच नाही. बाई त्याआधीच्या दिवाळीत गेल्या होत्या. त्यांचे व्हॉइस मेसेज रोज रात्री ऐकायची त्यांची सवय होती, आणि ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. नशिबाने त्यांचा गुगलवरचा बॅकअप महिन्यातून एकदा घ्यायचा असं लावलेलं होतं आणि शेवटचा बॅकअप या सफाईच्या आधीचा होता. मी आधी फोनचं नेट बंद केलं, म्हणजे नवा बॅकअप जुन्यावर चढू नये. फोनमध्ये जे होतं त्याची प्रत काढली, मग व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा घातलं आणि तो जुना बॅकअप उतरवला. तासभर गेला. मग त्यांनी काउंटरवर उभं राहून पहिला मेसेज लावला. बारा सेकंदांचा होता. "अहो, येताना शाळूचं पीठ आणा, आणि पिशवी न्यायला विसरू नका." मी त्या दिवशी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत.

म्हणून आधी विचारा. जे ठेवायचं ते पेन ड्राइव्हवर किंवा तुमच्या लॅपटॉपवर घ्या, मग पुसा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप कुठल्या खात्यावर जातो आणि शेवटचा कधी झाला, तेही बघून ठेवा. अँड्रॉइडवरचा हा बॅकअप पूर्वी गुगलच्या फुकट १५ जीबीत धरत नसत. २०२४ पासून धरतात. त्यामुळे बऱ्याच लोकांचं गुगल खातं भरलेलं असतं, बॅकअप कधीचा थांबलेला असतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

पुढे पुन्हा भरू नये म्हणून त्याच 'स्टोरेज आणि डेटा'मध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. मोबाइल डेटा आणि वायफाय, दोन्हीकडे. बाबांना जे बघायचं असेल त्यावर त्यांनी बोट ठेवलं की ते उतरेल. 'मीडिया गॅलरीत दाखवू नका' हा पर्याय वेगळा आहे. त्याने फक्त गॅलरीतून दिसेनासं होतं, जागा तेवढीच जाते. यात पुष्कळ जण फसतात.

फोटो पुसल्यावर गॅलरीची कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर पुसलेलं महिनाभर तिथेच जागा अडवून बसतं. रॅम वाढवून देणारी 'व्हर्च्युअल रॅम' चालू असेल तर ती बंद करा. ती तुमच्या मेमरीतूनच जागा घेते आणि स्वस्त फोनात त्याने वेग वाढल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आणि मेमरी साफ करणारी, फोन थंड करणारी, बॅटरी वाढवणारी अ‍ॅप्स एकही ठेवू नका. माझ्याकडे येणाऱ्या जाहिरातवाल्या फोनांत निम्म्याहून जास्त वेळा दोषी हीच निघतात.

एवढं झालं की फोन एकदा बंद करून चालू करा. बहुधा बाबाच म्हणतील, की पहिल्यासारखा झाला.

दुकानदार 'फॉरमॅट मारतो', म्हणजे सगळं पुसून फोन कोरा करतो, म्हणाला तर त्याला थांबवा. बाबांच्या फोनमध्ये कुठला जीमेल आहे आणि त्याचा पासवर्ड काय, हे हातात असल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही. चोरट्याला फोन वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये एक कुलूप असतं. सेटिंग्जमध्ये न जाता, बटणं दाबून उघडणाऱ्या 'रिकव्हरी' मेनूतून फॉरमॅट मारल्यावर फोन आधीच्याच गुगल खात्याने उघडायला सांगतो. आपल्याकडे कितीतरी वयस्कर लोकांचं जीमेल फोन विकणाऱ्या दुकानातल्या पोरानेच काढून दिलेलं असतं. पासवर्ड काय ठेवला ते त्याला आठवत नाही, गिऱ्हाइकाला तर माहीतच नसतं. फॉरमॅट मारला की चांगला चालता फोन कुलूपबंद होतो. तेव्हा रविवारी फोन चालू आहे तोवरच बाबांच्या गुगल खात्यात जा, पासवर्ड नवा करा आणि परत मिळवायचा नंबर म्हणून तुमचा नंबर घाला. वहीत लिहून ती वही कपाटात ठेवा.

जाता जाता बाबांचं बँकेचं पासबुक किंवा मेसेज बघा. दर महिन्याला ९९, १४९ असे आकडे जातात का? एखाद्या अ‍ॅपची 'एक रुपयात सात दिवस' अशी वर्गणी घेतली गेलेली असते. अ‍ॅप काढून टाकलं तरी वर्गणी थांबत नाही, हे लोकांना माहीत नसतं. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे'चा भाग असतो, तिथून ती रद्द करावी लागते; प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर तिथल्या सदस्यत्वांच्या यादीतून. अशी आपोआप कपात होण्याच्या २४ तास आधी कळवायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज येतो, पण शंभर जाहिरातींच्या मेसेजात बुडून जातो. कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत जाता येतं.

बॅटरीचं शेवटी ठेवलं आहे. अडीच वर्षं रोज चार्ज केलेली बॅटरी थोडी थकलेली असणारच. लिथियमची बॅटरी पाचशे ते आठशे पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या साधारण ऐंशी टक्क्यांवर येते, असा कंपन्यांचा ढोबळ हिशोब असतो. युरोपात तर २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनाला आठशे चार्जनंतर ऐंशी टक्के बॅटरी उरली पाहिजे, अशी अटच आहे. पण ऐंशी टक्क्यांची बॅटरी दुपारी संपत नाही. दुपारी संपते याचा अर्थ कुणीतरी आतून खात होतं, आणि ते खाणारं तुम्ही नुकतंच काढलेलं असेल.

बॅटरीला मारते ती उष्णता. फोन फ्रिजच्या डोक्यावर, देवघरातल्या समईशेजारी किंवा उशीखाली चार्जिंगला ठेवू नये. जाड कव्हर असेल तर चार्जिंगच्या वेळी काढावं. चार्जिंग सावकाश होत असेल तर आधी चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारून बघा. सदऱ्याच्या खिशातला सुताचा भुगा दाबून दाबून आत पक्का बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. आमच्याकडे यार्डातल्या अडत्यांच्या फोनांत तिथे पिवळीधमक हळद निघते, तंबाखू खाणाऱ्यांच्या फोनांत तंबाखू. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुई किंवा टाचणी घालू नका. 'पिन गेली' म्हणून आलेल्या फोनांतले कितीतरी मी असे नुसते साफ करून परत दिले आहेत. फोनची पाठ फुगलेली दिसत असेल, कडेने डिस्प्ले उचललेला असेल, तर मात्र चार्जिंगला लावू नका आणि दाबूनही बघू नका. ती बॅटरी फुगली आहे, त्याच दिवशी बदलायला द्या.

बदलायची झालीच तर शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बदला, नाहीतर बिल देणाऱ्या दुकानातून. आधी दर विचारा, सिमकार्ड काढून घ्या, बदललेली जुनी बॅटरी दाखवायला सांगा. बाहेरच्या दुकानातली बॅटरी निम्म्या पैशांत मिळते, पण खोक्यावर लिहिलेली क्षमता आत असतेच असं नाही, हे मी याच धंद्यात राहून सांगतो.

नवा फोन कधी घ्यावा, तेही विचारलंत. सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत 'सुरक्षा अपडेट' म्हणून एक तारीख असते. ती दीड-दोन वर्षं जुनी असेल आणि बाबा त्याच फोनवरून पैसे पाठवत असतील, तर येत्या वर्षात नव्याची तयारी ठेवा. बँकेचं अ‍ॅप या फोनवर चालत नाही असा निरोप आला तर लगेचच. घेताना १२८ जीबीच्या खाली जाऊ नका, किती वर्षं अपडेट मिळणार ते लेखी बघा, आणि शक्यतो त्याच कंपनीचा घ्या. तुम्हा-आम्हाला बटणं दोन दिवसांत सापडतात. त्यांना कॉल उचलायचं हिरवं बटण दुसरीकडे सरकलेलं दिसलं की महिनाभर चुकल्यासारखं होतं. आणि पहिल्यांदा सुरू करताना ते 'सहमत'चे पडदे तुम्ही स्वतः वाचा, दुकानात दाबू देऊ नका.

रविवारी एवढं करून या. मग बाबांना सांगा, की सोमवार, मंगळवार आणि बुधवारी सकाळी सात वाजता फोन पूर्ण चार्ज करून काढायचा आणि रात्री नऊ वाजता किती टक्के उरलेत ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत पेनाने लिहायचं. तिन्ही दिवशी तीसच्या वर असेल तर बॅटरीला हात लावू नका. पंधराच्या आत येत असेल तर बदला. मधलं काही आलं तर ते तीन आकडे आणि फोनचं मॉडेल मला कळवा, बघून सांगतो.